सॉकेटमधले २३० व्होल्ट नेमके कशाने मोजतात? थर्मल कन्व्हर्टरची ओळख

घरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात, हे शाळेपासून ऐकत आलेलं वाक्य. प्रत्यक्षात ते व्होल्टेज २३० वर क्षणभरही टिकत नाही. सेकंदाला शंभर वेळा ते शून्यावर येतं, दोन शून्यांच्या मध्ये ३२५ पर्यंत चढतं, एकदा सुलट आणि एकदा उलट. पूर्ण आवर्तनाची सरासरी काढली तर उत्तर शून्य. उलट-सुलट विसरून नुसत्या आकड्यांची सरासरी काढली तर सुमारे २०७. मग २३० आलं कुठून?

ते आलं उष्णतेवरून. एखाद्या रोधाला हा एसी पुरवठा जोडला की त्यात काही उष्णता निर्माण होते. तेवढीच उष्णता त्याच रोधात निर्माण करायला किती व्होल्ट डीसी लागेल, तो आकडा म्हणजे २३०. यालाच आरएमएस मूल्य म्हणतात. जेम्स जूलने १८४१ मध्ये दाखवून दिलं की तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वर्ग केला की उणे चिन्ह नाहीसं होतं. धारा डावीकडून येवो की उजवीकडून, तार सारखीच तापते.

म्हणजे एसीची व्याख्या करतानाच ती मोजायची रीतही हाती आली. एकच तार एकदा एसीने तापवायची, एकदा डीसीने. दोन्ही वेळा ती सारखीच तापली, तर दोन्ही विद्युतदाब सारखे. डीसी किती आहे हे आपल्याला फार अचूक कळतं, तेव्हा एसीही कळलं. हे काम करणाऱ्या उपकरणाला थर्मल कन्व्हर्टर म्हणतात. गेली सत्तरहून अधिक वर्षं जगभरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांमध्ये एसी व्होल्टेज आणि एसी धारेची अचूकता या एका कल्पनेवर उभी आहे. कल्पना दोन ओळींत संपते. पण 'उष्णतेला धारेची दिशा कळत नाही' हे विधान शंभर टक्के खरं नाही, जवळजवळ खरं आहे. त्या 'जवळजवळ'चा हिशोब लावण्यात मोजमापशास्त्रज्ञांच्या काही पिढ्या गेल्या. मला या विषयाचा सगळ्यात सुंदर भाग तोच वाटतो.

डीसीला आधार आहे, एसीला तो उसना घ्यावा लागतो

डीसी व्होल्टचा आधार आज थेट निसर्गाच्या स्थिरांकांवर आहे. दोन अतिवाहक (अतिथंड केल्यावर रोध शून्य होणाऱ्या) धातूंच्या मध्ये अगदी पातळ अडसर ठेवून त्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या, तर त्या जोडावर ठरावीक पायऱ्यांमध्येच व्होल्टेज तयार होतं. ब्रायन जोसेफसनने १९६२ मध्ये या परिणामाचं भाकीत केलं. पायरीची उंची फक्त लहरींच्या वारंवारतेवर अवलंबून असते. एका व्होल्टला सुमारे ४,८३,५९८ गिगाहर्ट्झ, असा हा भाव आहे, आणि २० मे २०१९ पासून तो व्याख्येनेच पक्का झाला आहे. ७० गिगाहर्ट्झच्या लहरी दिल्या तर एका जोडातून जेमतेम १४५ मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणून असे हजारो जोड एका चिपवर रांगेत बसवून १० व्होल्टपर्यंत जातात. वारंवारता आपण अणुघड्याळाच्या मदतीने वाटेल तितकी अचूक ठेवू शकतो, त्यामुळे डीसी व्होल्टही तितकाच पक्का होतो.

एसीला अशी सोय बराच काळ नव्हती. सतत बदलणारी राशी तराजूत कशी घालणार? साध्या मल्टिमीटरची पळवाट अशी, की तो एसी एकाच दिशेला वळवून त्याची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून पडद्यावर दाखवतो. तरंग शुद्ध साइन असेल तर उत्तर बरोबर येतं. चौकोनी तरंग दिला तर तोच मीटर ११ टक्के जास्त दाखवतो, त्रिकोणी दिला तर जवळपास ४ टक्के कमी. चार्जर, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टरच्या जमान्यात शुद्ध साइन दुर्मीळच, म्हणून तर दुकानात 'ट्रू आरएमएस' मीटरला दोन पैसे जास्त पडतात. थर्मल कन्व्हर्टरला मात्र तरंग कसा आहे याची फिकीर नसते. तरंग कितीही वेडावाकडा असला तरी तार त्याच्या वर्गाच्या सरासरीइतकीच तापते.

चाकण किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्यातल्या मीटरवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे जास्त अचूक उपकरणाशी ताडून तपासल्याचं, स्टिकर असतं. तो मीटर एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाने मान्य केलेल्या एखाद्या प्रयोगशाळेत तपासलेला असतो. मुंबईत अंधेरीची ईआरटीएल किंवा चुनाभट्टीची आयडेमी या सरकारी संस्थाही अशी कामं करतात. त्या प्रयोगशाळेतली उपकरणं आणखी वरच्या प्रमाणाशी (स्टँडर्डशी) ताडलेली असतात आणि ही साखळी चढत चढत नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. साखळीतला एसीचा धागा धरून वर गेलं की कुठे ना कुठे एका तापलेल्या तारेची गाठ पडते. एसीचं डीसीत रूपांतर तिथे होतं.

काचेच्या बल्बमधली तार

तारेच्या तापण्यावरून धारा मोजायची कल्पना जुनी आहे. १८८० च्या दशकात फिलिप कार्ड्यूने तापून लांब होणाऱ्या तारेवर काटा फिरवणारा व्होल्टमीटर केला होता. पण तारेची लांबी बघण्यापेक्षा तिचं तापमान थर्मोकपलने बघणं कितीतरी नाजूक आणि अचूक. दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडल्या आणि जोडाचं टोक तापवलं की दुसऱ्या टोकांवर थोडंसं व्होल्टेज मिळतं, हा झेबेकचा १८२१ चा शोध.

अभिजात थर्मल कन्व्हर्टर असा असतो. काचेचा लहानसा बल्ब, आत निर्वात. दोन जाडसर आधारतारांच्या मध्ये केसासारखी बारीक तार ताणलेली, ती हीटर. ही तार अशा मिश्रधातूची असते की तापल्यावर तिचा रोध फारसा बदलत नाही. तारेच्या बरोबर मध्यावर, मोहरीपेक्षाही लहान, विद्युतरोधक पदार्थाचा मणी चिकटवलेला. या मण्यात थर्मोकपलचं टोक रुतवलेलं. मणी उष्णता जाऊ देतो, वीज जाऊ देत नाही, म्हणजे मोजायची धारा आणि मोजमापाची वीज एकमेकींत मिसळत नाहीत. निर्वात असल्यामुळे हवा तार थंड करू शकत नाही, आणि उष्णता मुख्यतः तारेच्या दोन्ही टोकांकडून बाहेर पडते.

नेहमी वापरात असलेला प्रकार ५ मिलिअँपिअरचा. तेवढी धारा सोडली की तारेचा मध्यबिंदू खोलीच्या तापमानापेक्षा दीडशे-दोनशे अंशांनी तापतो आणि थर्मोकपलवर सुमारे ७ मिलिव्होल्ट मिळतात. ठरलेल्या धारेपेक्षा दीडपटीच्या आसपास गेलं की तार जळण्याची भीती. एक चुकीचं बटण दाबलं की वर्षानुवर्षं जपलेलं, पूर्वेतिहास माहीत असलेलं प्रमाण गेलं. म्हणून या कामात व्होल्टेज नेहमी शून्यापासून हळूहळू वाढवायचं आणि रेंज बदलण्याआधी पुन्हा शून्यावर आणायचं, ही शिस्त हातात भिनवावी लागते.

या बल्बला राष्ट्रीय प्रमाणाचा दर्जा मिळवून देण्यात अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या फ्रान्सिस हर्माक यांचा मोठा वाटा. १९५२ मध्ये त्यांनी या उपकरणाचं सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केलं. तार कुठे किती तापते, उष्णता कुठून जाते, डीसी आणि एसीमध्ये फरक कशामुळे पडू शकतो, हे त्यांनी गणिताने मांडलं आणि श्राव्य वारंवारतांच्या पट्ट्यात ०.०१ टक्क्याची अचूकता गाठता येते हे दाखवलं. तोवर सोयीचं साधन म्हणून पाहिल्या जाणाऱ्या बल्बवर विसंबून राहता येईल, असा भरवसा त्यातून आला.

बदली करून तोलणं

तराजूचे दोन हात सारखे नसले तरी त्यावर अचूक वजन करता येतं. एका पारड्यात माल ठेवायचा, दुसऱ्यात वाळू घालून काटा मध्यावर आणायचा. मग माल काढून त्याच पारड्यात वजनं ठेवायची आणि काटा पुन्हा मध्यावर आणायचा. तराजू खोटा असला तरी मालाला आणि वजनांना तो सारखाच खोटा असतो, म्हणून उत्तर खरं येतं. थर्मल कन्व्हर्टरचं काम नेमकं असं चालतं. ७ मिलिव्होल्ट म्हणजे किती अंश, तारेची लांबी किती, निर्वात किती चांगलं, यातलं काहीही माहीत असण्याची गरज नाही. एसीला जेवढे मिलिव्होल्ट मिळाले तेवढेच डीसीला मिळाले की झालं.

अट एवढीच, की दोन्ही वेळा तराजू तोच राहिला पाहिजे. पण तो बदलत असतो. खोलीचं तापमान सरकतं, बल्ब हळूहळू तापत जातो. म्हणून मोजणीचा क्रम ठरलेला असतो: एसी, मग सुलट डीसी, मग उलट डीसी, मग पुन्हा एसी. प्रत्येक वेळी तापमान स्थिर व्हायला ठरावीक वेळ थांबायचं, बहुधा अर्धा ते एक मिनिट, आणि हा वेळ चारही वाचनांना अगदी सारखा ठेवायचा. उपकरण एकसारख्या गतीने सरकत असेल तर बाहेरच्या दोन वाचनांची सरासरी आणि आतल्या दोन वाचनांची सरासरी एकाच क्षणाची ठरते आणि सरकणं आपोआप वजा होतं. या चौकडीच्या फेऱ्या पुनःपुन्हा करतात. आता संगणक स्विच फिरवतो. पूर्वी माणूस घड्याळ लावून बसायचा.

यात मोजावं किती बारीक लागतं, ते आकड्यात बघू. समजा एसीमधला दहा लाखांत एक भाग, म्हणजे एक पीपीएम, एवढा बदल ओळखायचा आहे. उष्णता वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे बाहेर मिळणारा बदल साधारण दुप्पट, दोन पीपीएम. ७ मिलिव्होल्टचे दोन पीपीएम म्हणजे १४ नॅनोव्होल्ट. आता तांब्याच्या तारेला तांब्याचा स्वच्छ खटका जोडला तरी तिथे अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टपर्यंत थर्मोकपल तयार होऊ शकतं. दोन खटक्यांच्या तापमानात एक दशांश अंशाचा फरक पडला की २० नॅनोव्होल्ट आले, म्हणजे शोधत असलेल्या बदलापेक्षा जास्त! खटक्यावर ऑक्साइडचा थर चढला असेल तर हा आकडा हजारो पटींनी वाढतो. जोड करताना बोटांची ऊब लागली असेल तर ती उतरेपर्यंत थांबावं लागतं. जोड झाकून ठेवतात, वातानुकूलन यंत्राचा झोत टेबलावर येऊ देत नाहीत. या प्रयोगशाळांमध्ये इतका संथपणा का असतो, ते या १४ नॅनोव्होल्टकडे बघितलं की कळतं.

उष्णतेला दिशा कुठे कळते

आता त्या 'जवळजवळ'कडे येऊ. वरच्या क्रमात डीसी दोनदा का घेतलं, एकदा सुलट आणि एकदा उलट? उष्णता दिशा ओळखत नसती तर एकदाच पुरलं असतं.

तार मध्ये गरम आणि टोकांना थंड असते. विद्युतधारा थंडीकडून गरमीकडे जाते तेव्हा ती वाटेत थोडी उष्णता शोषते, आणि गरमीकडून थंडीकडे जाते तेव्हा सोडते. काही धातूंमध्ये हे उलटं होतं. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५० च्या दशकात हे ओळखलं, म्हणून याला थॉमसन परिणाम म्हणतात. डीसी एकाच दिशेने वाहत राहिल्यावर तारेचा एक अर्धा भाग किंचित थंड होतो, दुसरा किंचित गरम, आणि सर्वांत गरम बिंदू मध्यापासून जरासा सरकतो. मणी नेमका मध्यावर नसेल, तारेची जाडी एकसारखी नसेल, तर थर्मोकपलला हे सरकणं दिसतं. याशिवाय हीटरची तार आणि आधारतारा वेगळ्या धातूंच्या असतात. त्या सांध्यांवर धारेच्या दिशेनुसार उष्णता निर्माण होते किंवा शोषली जाते. हा १८३४ साली सापडलेला पेल्तिए परिणाम.

एसीमध्ये दिशा इतक्या झपाट्याने उलटते की सरकायला सवडच मिळत नाही. म्हणून एसीत हा दोष नसतो आणि डीसीत असतो. या दोघांतला फरक म्हणजेच आपली चूक.

सुलट आणि उलट डीसीची सरासरी घेतली की चुकीचा मोठा भाग जातो, कारण एका दिशेला गरम बिंदू डावीकडे सरकतो, दुसऱ्या दिशेला तेवढाच उजवीकडे. पण सगळी चूक जात नाही. गरम बिंदू कोणत्याही बाजूला सरकला तरी मध्याच्या तापमानावर एक बारीकसा परिणाम होतोच, आणि तो दोन्ही दिशांना सारख्याच चिन्हाचा असतो. सरासरीत तो तसाच उरतो. एकाच मण्याच्या बल्बमध्ये ही उरलेली चूक काही पीपीएमची असू शकते. आकडा छोटा आहे, पण सगळ्या साखळीच्या माथ्यावर बसलेली चूक खालच्या प्रत्येक मीटरपर्यंत पाझरते.

ही चूक मोजायची कशी? १९९० च्या दशकात यासाठी एक चतुर युक्ती पुढे आली. डीसीची दिशा इलेक्ट्रॉनिक स्विचने झपाट्याने उलटसुलट करायची. मूल्य कायम तेच, फक्त दिशा बदलत राहते, म्हणजे उष्णता डीसीइतकीच. पण बदल वेगवान असल्यामुळे थॉमसन आणि पेल्तिए परिणामांना एसीसारखीच सवड मिळत नाही. स्विच सावकाश फिरवला की बल्बला डीसी दिसतं, भराभर फिरवला की एसी दिसतं. दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे निव्वळ औष्णिक-विद्युत चूक, दुसरं काहीही नाही. मला ही युक्ती फार आवडते. सिद्धान्तातून काढलेल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न तिने थेट मोजणीत आणला.

वारंवारता अगदी कमी झाली की वेगळाच घोळ होतो. १० हर्ट्झला तार सेकंदाला वीस वेळा तापते आणि निवते. तारेचं तापमान एका पातळीवर न राहता हेलकावे खातं. सगळं नातं तंतोतंत वर्गाचं असतं तर हेलकाव्यांची सरासरी बरोबर आली असती, पण तापमानाबरोबर उष्णता बाहेर जाण्याचं प्रमाण थोडं बदलतं, रोधही थोडा बदलतो, आणि सरासरी चुकते. जड, सावकाश तापणारी रचना इथे उपयोगी पडते.

वारंवारता वाढत गेली की दोष तारेकडून तिच्या शेजाऱ्यांकडे जातो. जलद एसी वाहकाच्या पृष्ठभागाजवळून वाहू पाहतो. ५० हर्ट्झला तांब्यात तो सुमारे ९ मिलिमीटर खोल शिरतो, १ मेगाहर्ट्झला जेमतेम ०.०७ मिलिमीटर. हीटरची बारीक तार यातून सुटते, पण जाड आधारतारा, कनेक्टर, केबल यांचा रोध वाढत जातो. मीटरभर लांब केबलमध्ये सहज १०० पिकोफॅरड धारिता (कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता) असते. १ मेगाहर्ट्झला ती सुमारे १,६०० ओहमच्या रोधासारखी वागते आणि धारेचा वाटा पळवते. इतक्या वरच्या वारंवारतेला 'व्होल्टेज किती' हा प्रश्नच अपुरा ठरतो. 'कुठल्या बिंदूवर किती' असं विचारावं लागतं. म्हणून दोन कन्व्हर्टर ताडून बघताना ते टी आकाराच्या कनेक्टरच्या दोन हातांना लावतात आणि व्होल्टेज त्या टीच्या मध्यबिंदूवरचं धरतात. हा बिंदू दोन सेंटिमीटर इकडचा तिकडे झाला तर वरच्या वारंवारतांना उत्तर बदलतं.

एका मण्याऐवजी शंभर

थॉमसन परिणामासारख्या दोषांचं मूळ तारेच्या मध्यापासून टोकांपर्यंतच्या तापमानाच्या उतारात आहे, हे ओळखून ब्रिटनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत एफ. जे. विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये वेगळा कन्व्हर्टर सादर केला. एका ठिकाणी दोनशे अंश तापवून एकच थर्मोकपल लावण्याऐवजी सगळी तार थोडीशीच आणि सगळीकडे सारखी तापवायची, आणि तिच्या लांबीभर कितीतरी थर्मोकपल बसवून त्यांची व्होल्टेज एकात एक जोडायची. उतारच नाही, तर थॉमसन परिणामाला वाव कुठे राहिला? हीटरही दुपदरी केला, जाणारी आणि येणारी धारा शेजारी-शेजारी, म्हणजे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. तापमान थोडंच वाढत असलं तरी थर्मोकपल पुष्कळ असल्यामुळे बाहेर मिळणारं व्होल्टेज जास्त. हा कन्व्हर्टर खऱ्या अर्थाने प्राथमिक प्रमाण ठरला. त्याची चूक इतकी कमी, की ती गणिताने सांगता येते आणि दुसऱ्या कशाशी ताडायची वेळ येत नाही.

अडचण एकच होती. तो हाताने बनवावा लागे, सूक्ष्मदर्शकाखाली, अतिशय कसबी माणसाकडून. असे कन्व्हर्टर जगात थोडेच झाले.

पुढचं पाऊल जर्मनीत ब्राउनश्वाइगच्या पीटीबी या राष्ट्रीय संस्थेत पडलं. मानफ्रेड क्लोन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच रचना सिलिकॉन चिपवर आणली. चिपचा मधला भाग मागून कोरून काढतात आणि तिथे कागदापेक्षाही खूप पातळ पडदा उरतो. पडद्याच्या मध्यावर धातूचा पातळ पट्टा, तो हीटर. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्यांचे शंभरएक थर्मोकपल, एक टोक हीटरजवळ, दुसरं सिलिकॉनच्या जाड, थंड चौकटीवर. पडदा पातळ असल्यामुळे उष्णता बाजूने गळत नाही, आणि बाहेर १०० मिलिव्होल्टच्या घरात व्होल्टेज मिळतं. मघाचा हिशोब पुन्हा करा: एक पीपीएमला आता १४ ऐवजी २०० नॅनोव्होल्ट. खटक्यावरच्या बोटाच्या उबेचा धाक बराच कमी झाला. शिवाय या चिप कारखान्यात छापून निघतात, एकसारख्या आणि अनेक. आज कित्येक देशांच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांत एसीचं मूळ प्रमाण म्हणून अशीच चिप आहे.

याच्या जोडीला फ्लूक कंपनीने वेगळी वाट काढली. हीटरचं तापमान थर्मोकपलऐवजी शेजारच्या ट्रान्झिस्टरने ओळखायचं. त्यावर आधारलेलं ७९२ए हे उपकरण कॅलिब्रेशनच्या दुनियेत फार वापरलं जातं, कारण त्याला हजारो व्होल्टची नाही तरी शेकडो व्होल्टची सवय आहे, ते बाहेर थेट सोयीचं व्होल्टेज देतं आणि लवकर स्थिरावतं.

हजार व्होल्ट आणि शंभर अँपिअर

चिप किंवा बल्ब स्वतः दोन-चार व्होल्टच्या वर जात नाही. १,००० व्होल्ट मोजायचे तर मालिकेत रोध लावावा लागतो. ५ मिलिअँपिअरच्या बल्बासाठी तो दोन लाख ओहमचा हवा. त्यात ५ वॅट उष्णता निघते, रोध स्वतः तापतो, त्याचं मूल्य सरकतं, आणि त्याच्या भोवतीच्या धातूच्या कवचाशी त्याची धारिताही काम करू लागते. म्हणून कवचाची रचना, रोध कुठे ठेवायचा, किती लांब, यावर खूप मेहनत घेतात.

मग या रेंजची चूक ठरवायची कशी? पायऱ्यांनी. ३ व्होल्टची रेंज प्राथमिक चिपशी ताडायची, ६ ची रेंज ३ च्या रेंजशी, मग पुढची तिच्याशी, असं करत १,००० पर्यंत. प्रत्येक पायरीवर गृहीत धरावं लागतं की त्या रेंजची चूक कमी व्होल्टेजला आणि पूर्ण व्होल्टेजला सारखीच आहे. हे गृहीत पूर्णपणे खरं नसतं, आणि प्रत्येक पायरीवर अनिश्चिततेत थोडी भर पडते. मोठ्या धारांसाठी हेच काम शंट, म्हणजे धारेचा बहुतेक वाटा बाजूने नेणारे अगदी कमी मूल्याचे रोध, करतात, १०० अँपिअरपर्यंत.

जोसेफसनचे जोड आता एसीसाठीही वापरतात. सूक्ष्मलहरींऐवजी अतिशय वेगवान स्पंदांची मालिका देऊन तरंग थेट तयार करायचा, ही कल्पना अमेरिकेच्या एनआयएसटीमध्ये (म्हणजे पूर्वीच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये) १९९० च्या दशकात पुढे आली. त्यातून काही व्होल्टपर्यंतचा अतिशुद्ध एसी तयार करता येतो. त्यासाठी चिप उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवावी लागते, आणि चिपपासून टेबलापर्यंत येणाऱ्या केबलची चूक वारंवारतेबरोबर वाढत जाते. श्राव्य वारंवारतांना, कमी व्होल्टेजला हा स्रोत आज थर्मल कन्व्हर्टरलाच तपासायच्या कामी येतो. शेकडो किलोहर्ट्झ आणि शेकडो व्होल्टच्या प्रदेशात अजून उष्णतेचीच साक्ष मानली जाते.

तुमच्या हातात एखाद्या चांगल्या कॅलिब्रेटरचं, म्हणजे मीटर तपासायला नेमकं व्होल्टेज देणाऱ्या उपकरणाचं, प्रमाणपत्र आलं तर त्यात हे सगळं दिसेल. डीसी १० व्होल्टच्या रकान्यात अनिश्चितता काही पीपीएम, पण एसी १० व्होल्टला एका आकड्याऐवजी आडवी रांग: ४० हर्ट्झला एक आकडा, १ किलोहर्ट्झला सर्वांत लहान, १०० किलोहर्ट्झला कितीतरी मोठा, १ मेगाहर्ट्झला त्याहून मोठा. डावीकडचा आकडा मोठा असण्यामागे हेलकावे खाणारं तापमान आहे, उजवीकडच्यांमागे केबल, कनेक्टर आणि धारिता. मीटर घेताना किंवा तपासायला देताना आपलं काम कोणत्या वारंवारतेचं आहे ते आधी ठरवा, आणि त्या रकान्यातला आकडा पाहा. इन्व्हर्टर किंवा मोटर ड्राइव्हवर काम करणाऱ्याने फक्त ५० हर्ट्झचा रकाना बघून समाधान मानू नये, कारण त्याच्या तारांमध्ये वीस किलोहर्ट्झच्या आसपासचे तुकडेही वाहत असतात.